फोन टॅपिंगचा आदेश कोर्टात कसा वाचायचा: मोक्का, पोटा आणि यूएपीए

प्रश्न असा आहे: दहशतवाद रोखायचा तर सरकारला फोन ऐकण्याचे, संदेश वाचण्याचे अधिकार लागणारच. मग हे अधिकार आणि नागरिकाचे स्वातंत्र्य यांचा तोल आपल्या कायद्यांनी साधला आहे का, आणि तो बिघडत असेल तर नेमका कुठे?

आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर. कागदावर तोल बऱ्यापैकी आहे. पण आरोपीला तो वापरता येतो खटल्याच्या वेळी, आणि दहशतवादाच्या प्रकरणांत खरी लढाई त्याच्या कितीतरी आधी, जामिनाच्या अर्जावर होऊन गेलेली असते. दुसरे, ज्या मोक्काला (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) आपण सर्वांत जाचक कायदा म्हणतो, त्यानेच फोन टॅपिंगला सर्वांत घट्ट लगाम घातला आहे. यूएपीएने, म्हणजे दहशतवादाच्या खटल्यांत लागणाऱ्या केंद्राच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याने, तो लगाम घेतलाच नाही. बाकी सगळे या दोन गोष्टींचा विस्तार आहे.

सरकारची बाजू कमकुवत नाही, हेही आधीच मान्य करायला हवे. २६/११ च्या वेळी ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधले हल्लेखोर पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी इंटरनेटवरून वळवलेल्या कॉलवर बोलत होते. ते कॉल एटीएसने पकडले नसते, तर कट सीमेपलीकडे शिजला हे सिद्ध करणे फार अवघड गेले असते. कसाबच्या अपिलावरच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या संभाषणांचा सविस्तर विचार केला आहे. (वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा फायदा सूत्रधारांना कसा मिळत होता, यावरचे ताशेरेही त्याच निकालात आहेत. ते भाग जरूर वाचावेत.) तेव्हा टॅपिंग असावे की नसावे हा वादच नाही. सही कोणाची, कारण काय लिहिले, किती दिवसांसाठी, आणि नंतर तपासले कोणी, हा वाद आहे.

सामान्य कायद्याचा सांगाडा

१८८५ च्या तार अधिनियमाच्या कलम ५(२) मध्ये दोन पायऱ्या होत्या. पहिली, 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक परिस्थिती प्रत्यक्ष असली पाहिजे. दुसरी, देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे, यांपैकी एक कारण हवे. दुसऱ्या पायरीवर उडी मारून पहिली विसरणे ही आदेशांमधली नेहमीची चूक. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पहिली पायरी पक्की केली आणि कार्यपद्धती घालून दिली. त्यातून पुढे २००७ मध्ये तार नियमांतला नियम ४१९-अ आला. त्याच निकालात न्यायालयाने एक गोष्ट मात्र करायचे टाळले: न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही, ते काम संसदेवर सोडले. संसदेने ते आजतागायत केलेले नाही.

आता तार अधिनियमाच्या जागी दूरसंचार अधिनियम २०२३ चे कलम २०(२) आणि ६ डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. चौकट जवळपास तीच. केंद्रात केंद्रीय गृह सचिव, राज्यात गृह खात्याचे सचिव आदेश देतात. आदेश ६० दिवसांचा, मुदतवाढ धरून कमाल १८० दिवस. तातडीच्या प्रसंगी यंत्रणेचा प्रमुख किंवा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी (राज्यात पोलीस महानिरीक्षकाच्या खालचा नाही) आदेश काढू शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत वर कळवायचे आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळवायची. मंजुरी आली नाही तर टॅपिंग तिथेच थांबते, आणि नव्या नियमांप्रमाणे तोवर ऐकलेले काहीही वापरता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही नाही. हे वाक्य बचावाच्या वकिलाने पाठ करून ठेवावे. मात्र ६ डिसेंबर २०२४ पूर्वीच्या टॅपिंगला जुना नियम ४१९-अ लागतो. सध्या सुनावणीला असलेले बरेच खटले त्या काळातले आहेत, म्हणून तारीख पाहिल्याशिवाय नियम उद्धृत करू नये.

प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जातो. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून दुसरा एक सचिव. तिघेही सरकारी अधिकारी, बैठक किमान दोन महिन्यांतून एकदा. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात नोंद आहे की या समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे काम असते. समिती आठ तास सलग बसली असे धरले, तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. यात समितीतल्या अधिकाऱ्यांचा दोष नाही. व्यवस्थाच अशी आहे की तपासणी होऊच शकत नाही.

याला जोडून आणखी एक दरवाजा आहे, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९. त्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेची पहिली पायरीच नाही, आणि 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे एवढे कारण पुरते. २० डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने आयबी, एनआयए, ईडी, सीबीआय, रॉ, दिल्लीचे पोलीस आयुक्त अशा दहा यंत्रणांना या कलमाखाली अधिकार दिले. एकच संभाषण इंटरनेटवरून गेले की पातळ निकष, टेलिफोनवरून गेले की जाड. आज बहुतेक बोलणे डेटावरून चालते, त्यामुळे पातळ निकषाचा दरवाजाच अधिक वापरला जाणार हे उघड आहे.

मोक्काने काय केले

१९९९ च्या मोक्काची कलमे १३ ते १६ एकदा सलग वाचावीत. अर्ज करणारा अधिकारी तपासावर देखरेख ठेवणारा आणि पोलीस अधीक्षकाच्या खालचा नसावा. अर्ज लेखी हवा आणि त्यात तथ्ये, गुन्ह्याचा तपशील, कोणत्या प्रकारचे संभाषण ऐकायचे आणि ते कोणाचे (माहीत असल्यास) हे हवे. तपासाचे इतर मार्ग करून पाहिले का, फसले का, की ते धोक्याचे ठरतील, हे स्पष्ट लिहायला हवे. आदेशात असे बंधन असते की गुन्ह्याशी संबंध नसलेली संभाषणे शक्य तितकी कमी ऐकावीत आणि हेतू साधला की टॅपिंग थांबवावे. तातडीत अप्पर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी परवानगी देऊ शकतो, पण ४८ तासांत रीतसर अर्ज झालाच पाहिजे. आदेश सात दिवसांत पुनर्विलोकन समितीपुढे, समितीचा निर्णय दहा दिवसांत. समितीने नापसंत केले तर ध्वनिमुद्रण पुराव्यात येत नाही आणि नष्ट करावे लागते. बेकायदा टॅपिंग करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि कलम २७: किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा.

मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली होती, कारण तार-टेलिफोन हा केंद्राच्या सूचीतला विषय. १ सप्टेंबर २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यावर त्या वेळी टीका झाली. पण परिणाम पाहिला तर आरोपीच्या हातात असलेली सर्वांत धारदार हत्यारे त्या निकालामुळेच वाचली.

२००२ च्या पोटातही (केंद्राचा दहशतवाद प्रतिबंधक कायदा) असेच स्वतंत्र प्रकरण होते: सक्षम प्राधिकारी, समिती, ४८ तास, आणि खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला आदेशाची आणि सोबतच्या अर्जाची प्रत. २००४ मध्ये पोटा गेला. त्यातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएत आणल्या गेल्या, पण टॅपिंगचे प्रकरण आले नाही. आले फक्त शेपूट, म्हणजे कलम ४६. तार किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली केलेले टॅपिंग पुराव्यात ग्राह्य आहे, अट एवढीच की आदेशाची प्रत खटल्याच्या दहा दिवस आधी द्यावी. 'अर्ज' हा शब्द गळला. शिवाय प्रत वेळेत देणे शक्य नव्हते आणि त्याने आरोपीचे नुकसान होत नाही असे न्यायाधीशाला वाटले, तर दहा दिवसांची अटही माफ करता येते.

अर्ज गळल्याने काय बिघडते? सचिवाचा आदेश बहुतेकदा एका पानाचा असतो आणि कलमातली भाषाच त्यात पुन्हा उतरवलेली असते. सचिवासमोर नेमकी कोणती माहिती ठेवली होती, कोणाच्या नावाने नंबर मागितला होता, हे फक्त अर्जातून कळते. महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींचे नंबर भलत्याच नावांनी आणि भलत्याच कारणांसाठी विनंतीत घातल्याचा आरोप झाला होता. गुन्हे नोंदले गेले, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या प्रकरणात खरेखोटे काय ते बाजूला ठेवू. पण नाव आणि नंबर जुळतात का, हे सही करणाऱ्या टेबलावर कोणी पडताळत नाही, ही उणीव त्यातून सर्वांना दिसली.

बिघाडाची खरी जागा: जामीन

यूएपीएच्या कलम ४३-ड(५) नुसार आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. २ एप्रिल २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायची नाही, कागदपत्र पुढे ग्राह्य ठरेल की नाही या मुद्द्यावर ते बाजूला सारायचे नाही. आता हे कलम ४६ शेजारी ठेवून पाहा. टॅपिंगचा आदेश मिळण्याचा हक्क खटल्याच्या दहा दिवस आधी. खटला उभा राहायला कित्येक वर्षे. दरम्यान संभाषणाचा उतारा जामिनाच्या सुनावणीत वाचला जातो, त्यावर माणूस आत राहतो, आणि त्यामागचा आदेश वैध होता का हे विचारायची वेळ 'अजून आलेली नसते'. दीर्घ कोठडी आणि लांबलेला खटला या कारणावर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले. पण तो उपाय वर्षे वाया गेल्यावरचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या जवळपास तीच, पण ना कलम ४६, ना जामिनाचा तो अडसर. गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवायचा हे ठरवणार पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी. एवढा मोठा फरक एका अधिकाऱ्याच्या निवडीवर सोडणे मला पटत नाही.

बेकायदा टॅपिंगमधून मिळालेला पुरावा बाद होतो का? इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. आपल्याकडे सर्वसाधारण नियम असा की पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो संबंधित आणि अस्सल आहे का, हे पाहतात. मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचखोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच ध्वनिमुद्रण मान्य केले होते. संसद हल्ल्याच्या खटल्यात ४ ऑगस्ट २००५ रोजी म्हटले की तार कायद्याची कार्यपद्धती नीट पाळली नाही एवढ्यानेच पुरावा अग्राह्य ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण मूलभूत हक्क ठरले, आणि त्याच्या आधारे २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातले तीन टॅपिंग आदेश रद्द करून ध्वनिमुद्रण नष्ट करायला लावले. लाच म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, हे त्यामागचे साधे कारण. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय याच वाटेने गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र भ्रष्टाचारातही सार्वजनिक सुरक्षितता पाहिली. दहशतवादाच्या प्रकरणात मुंबईच्या निकालाचा उपयोग मर्यादित आहे, कारण तिथे 'सार्वजनिक सुरक्षितता' सरकार सहज दाखवते. म्हणून अशा खटल्यात पहिल्या पायरीवर फार वेळ न घालवता कार्यपद्धती आणि अस्सलपणा यांवर भर द्यावा.

प्रत्यक्षात काय तपासायचे

दोषारोपपत्र हातात आल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली प्रती मागतानाच टॅपिंगचा मूळ आदेश, प्रत्येक मुदतवाढ, अर्ज आणि समितीला प्रत पाठवल्याची नोंद मागावी. यूएपीएत अर्ज मिळण्याचा थेट हक्क नसला तरी मागणी आणि नकार दोन्ही रेकॉर्डवर राहतात, आणि जामिनाच्या अपिलात ते उपयोगी पडते.

मग तारखा. एका कागदावर उभी रेघ मारून डावीकडे आदेशाची मुदत, उजवीकडे प्रत्येक कॉलची तारीख-वेळ मांडावी. पहिल्या आदेशाची मुदत संपून मुदतवाढीची सही होईपर्यंत चार-पाच दिवसांची फट असते, आणि नेमका महत्त्वाचा कॉल त्या फटीत सापडतो, असे घडू शकते. आदेशातला दहा आकडी नंबर उताऱ्यातल्या नंबराशी अंकागणिक ताडून पाहावा. आदेश मोबाइल नंबरवर आणि टॅपिंग आयएमईआयवर (फोनच्या यंत्राचा स्वतंत्र क्रमांक), हाही फरक निघतो. सही करणारा अधिकारी त्या दिवशी त्या पदावर होता का, तातडीचा आदेश असेल तर सात दिवसांत मंजुरी आली का, हे पुढचे.

त्यानंतर ध्वनिमुद्रण. टॅप केलेला आवाज यंत्रणेच्या सर्व्हरवर साठतो, न्यायालयात येते ती सीडी किंवा पेन ड्राइव्ह. म्हणजे ती प्रत झाली, आणि प्रतीला प्रमाणपत्र लागते. जुन्या प्रकरणांत पुरावा कायद्याचे कलम ६५-ब, १ जुलै २०२४ नंतर साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक यंत्र ताब्यात असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइलमध्ये काहीही बदलले की तो बदलतो) लिहावीच लागते. अनेकदा प्रमाणपत्र तपास अधिकारी देतो आणि सर्व्हर मात्र दुसऱ्याच कक्षाच्या ताब्यात असतो. उलटतपासणीत एवढा एक प्रश्न पुरतो. आवाजाचा नमुना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने घेतला का, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे मूळ प्रत गेली की प्रतीची प्रत, उतारा मूळ भाषेत आहे की फक्त भाषांतर, हेही पाहावे. दखनी उर्दू किंवा अहिराणीतला टोमणा प्रमाण हिंदीत उतरवला की त्याची धमकी होऊ शकते.

सरकारी पक्ष हजारो कॉलमधून वीस वाजवतो. उरलेल्यांत आरोपीच्या सोयीचे काय आहे? ज्यांवर सरकारी पक्ष विसंबत नाही अशा कागद-वस्तूंची यादी आरोपीला मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या फौजदारी खटल्यांवरच्या निर्देशांत म्हटले आहे. ती यादी मागावी आणि मग त्यातले हवे ते मागावे. डिजिटल साठ्याची क्लोन (हुबेहूब) प्रत मिळण्याचा हक्क २०१९ मध्येच मान्य झाला आहे.

व्हॉट्सअॅप किंवा सिग्नलचा मजकूर वाटेत वाचता येत नाही, त्यामुळे पाळतीचा भर आता फोन जप्त करण्यावर गेला आहे. टॅपिंगला निदान सचिवाची सही लागते. फोन जप्तीला पंचनामा पुरतो, आणि हाती येते दहा वर्षांचे आयुष्य. इथे एकच गोष्ट निर्णायक: जप्तीच्या क्षणी पंचांसमोर फोन सीलबंद झाला का आणि पहिली फॉरेन्सिक प्रत घेताच हॅश व्हॅल्यू लिहिली गेली का. आठवड्यानंतर काढलेली हॅश त्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडतीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे, ते मागून घ्यावे. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीला २९ पैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगाससच होते असा निष्कर्ष मात्र काढता आला नाही. फोनमध्ये बाहेरून काही शिरू शकते हे मान्य केले, की जप्तीनंतरची साखळी काटेकोर मागणे हा आडमुठेपणा राहत नाही.

काय बदलावे

ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताचीही मंजुरी लागते. पण तिथे टॅपिंगचा मजकूर सहसा खटल्यात पुरावा म्हणून येतच नाही, म्हणून ती तुलना जपून करावी. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याखाली न्यायाधीशाचा आदेश, एका वेळी कमाल ३० दिवस, आणि टॅपिंग संपल्यावर सर्वसाधारणपणे ९० दिवसांत संबंधिताला कळवायचे. आपल्याला हवा तो हा शेवटचा भाग. आज ज्याचे फोन ऐकले आणि ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, त्याला आयुष्यात कधी कळत नाही. वर नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करायचा नियम त्याच्या संरक्षणासाठी असला, तरी त्यानेच त्याचा पुरावाही पुसला जातो.

आधार निकालात, २०१८ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षेसाठी माहिती उघड करण्याचा सहसचिवाचा अधिकार न्यायालयाने रद्द केला आणि वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासोबत न्यायिक अधिकारी असावा असे सुचवले. २०१९ च्या दुरुस्तीत दर्जा सचिवापर्यंत वाढला, न्यायिक अधिकारी आला नाही. सरकारला न्यायाधीश नको असतो तो वेगाच्या कारणाने, असे सांगतात. तो आक्षेप तातडीच्या आदेशापुरता खरा आहे. सात दिवसांच्या मंजुरीच्या टप्प्यावर जिल्हा न्यायाधीश किंवा विशेष न्यायाधीश आणला, तर तपासाचा एक तासही वाया जात नाही. सोबत कलम ४६ मधली वेळ 'खटल्याच्या दहा दिवस आधी' ऐवजी 'दोषारोपपत्रासोबत' करावी आणि 'अर्ज' हा शब्द परत आणावा. एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि अर्जाची प्रत देण्याची अट पोटासारख्या कायद्यातही होती, म्हणून देशाची सुरक्षा धोक्यात येईल हा युक्तिवाद टिकत नाही.

तोवर एक काम वकिलाने पहिल्याच आठवड्यात उरकावे. कॉल डिटेल रेकॉर्ड (सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला याची नोंद) कंपन्यांनी दोन वर्षे जपायचे असते. यूएपीएचा खटला दोन वर्षांत साक्षीपर्यंत येणे दुर्मीळ. त्या दिवशी आरोपीचा फोन मालेगावच्या टॉवरवर होता की भिवंडीच्या, हे सिद्ध करणारी नोंद तोवर पुसलेली असते. म्हणून अटक झाल्याबरोबर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली विशेष न्यायालयात अर्ज करून आरोपीचे, आणि अटकेची वेळ-जागा वादात असेल तर पथकातल्या अधिकाऱ्यांचेही, सीडीआर आणि टॉवर लोकेशन जतन करण्याचा आदेश घ्यावा. अधिकाऱ्यांच्या खबऱ्यांचे नंबर उघड होतील, हा सरकारी पक्षाचा ठरलेला आक्षेप. त्यावर तोडगा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या एका खटल्यात दिला आहे: समोरच्या व्यक्तींचे नंबर काळे करून फक्त लोकेशन आणि वेळ द्यावी. अर्जातच तशी तयारी दाखवली, की आक्षेपाला फारशी जागा उरत नाही.